बॉनेटवरचं जाळं

माझ्या बहिणीच्या नवऱ्याची, लहानू लांजेवारांची, गोष्ट सांगायला बसलो की मध्येच माझं तोंड आडवं येतं. त्या तोंडाला गेली नऊ वर्षं मी शिव्या घालतो आहे. नात्यागोत्यात सगळे म्हणतात, अच्युतबाबू फार गोड बोलतात, चार माणसांत शोभतात. शोभतात, खरं आहे. अशाच एका शोभण्यापायी मी एका माणसाची भाकरी घालवली, आणि तो माणूस मला अजून आपला समजतो.

भाऊजी पवनीकडचे. त्र्याहत्तर साली भिलाईत आले ते पोलादाच्या कारखान्यात चिकटायच्या आशेनं. त्या काळी आमच्या भंडाऱ्याकडून निघालेला जो तो त्याच आशेनं गाडीत बसायचा. मी मॅट्रिक, टाइपिंग येत होतं, म्हणून टाइम ऑफिसात क्लार्क झालो आणि सेक्टर पाचात क्वार्टर मिळवून बसलो. भाऊजी चौथी नापास. दोन वर्षं एका ठेकेदाराकडे ओझी वाहिली, कायमचं काही लागलं नाही. शेवटी सुपेल्यात टिकाराम साहूच्या गॅरेजात लागले. टिकाराम सेठ मूळचा दुर्गचा, पक्का छत्तीसगढी. जुन्या गाड्यांना रंग मारून द्यायचा त्याचा धंदा. भाऊजींचं काम रंग वाळल्यानंतरचं. रबिंगचा मसाला फडक्यावर घ्यायचा आणि रंग चकाकेपर्यंत हातानं घासायचा, सकाळी नऊपासून उन्हं उतरेपर्यंत. नऊ वर्षं त्यांनी हेच केलं. उजवा खांदा डाव्यापेक्षा जाड झाला होता. शर्ट शिवायला गेले की शिंपी दोनदा माप घ्यायचा.

बोलायला माणूस भारी कंजूष. मी अर्धा तास बोलावं, त्यांनी एकदा 'हाओ' म्हणावं, असा आमचा सारा जिव्हाळा. माझी बहीण सत्यशीला, माझ्याहून सात वर्षांनी मोठी, तिला मी ताई म्हणतो. आई-वडील लवकर गेले, गावचं घर चुलत्यांनी घेतलं, तेव्हा तिला माहेर म्हणजे मी आणि मला घर म्हणजे ती. तिला मूलबाळ झालं नाही. कॅम्प-दोनमधल्या दोन खोल्यांत ती दोघं राहायची, आणि आठवड्यातून तीनदा मी तिथे जेवायला असायचो.

भिलाईतल्या गाड्यांना एक रोग आहे. रात्रीतून टपावर बारीक काळसर-तांबडी धूळ बसते, आणि त्या धुळीत लोखंडाचा कण असतो. सकाळी ड्रायव्हर उठतो आणि ती कोरडीच पुसतो. पुसतो तरी कशानं? कारखान्यात मशीनवरचं तेल पुसायला सुताच्या गुंत्या असतात, त्यांना सगळे वेस्ट म्हणतात. मूठभर वेस्ट खिळ्याला लटकलेलं नाही असं घर भिलाईत शोधावं लागेल. लेथवर वापरलेल्या वेस्टमध्ये लोखंडाचा कीस अडकलेला असतो, तिकडे कुणी पाहत नाही. 'साहेबाची गाडी रोज पुसतो' म्हणून ड्रायव्हर छाती फुगवून सांगतो, आणि रोज पुसतो म्हणूनच गाडीचा सत्यानाश होतो. उन्हात उभी केली की रंगात पडलेल्या सूर्याभोवती हजार बारीक चरे गोल गोल उठून दिसतात, कोळ्यानं जाळं विणावं तसे. गॅरेजात त्याला जाला म्हणत. 'सेठ, जाला निकालना है,' म्हणतच गिऱ्हाईक आत यायचं.

आणि आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला धुरकट दिसायला लागलं तरी लोक जालाच म्हणतात. 'त्याच्या डोळ्यात जाला आला.' शब्द एक आणि रोग दोन, पण त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.

चौऱ्याऐंशी साली सेठनं नागपूरहून बफिंगचं मशीन आणलं. हातात धरायचं चांगलं वजनदार धूड, पुढे गरगर फिरणारी तबकडी, तिच्यावर मेंढीच्या लोकरीची टोपी. मशीनसोबत पंधरा दिवसांसाठी श्यामराव नावाचा कारागीर आला, शिकवायला. सेठनं भाऊजींना स्वच्छ सांगितलं, "सीख गए तो मशीन तुम्हारी. नहीं तो आदमी भी नागपुर से आएगा." पंचेचाळिशीला टेकलेल्या माणसानं पंधरा दिवसांत हाताचं वळण बदलायचं होतं.

श्यामराव हा चिडका म्हातारा, गालात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. भंगारातलं एक ॲम्बेसेडरचं बॉनेट त्यानं दोन पिंपांवर ठेवलं आणि म्हणाला, घे. भाऊजींनी मसाला लावला, बटण दाबलं आणि सवयीनं सगळा खांदा मशीनवर टाकला. मशीन उसळलं. मसाला भाऊजींच्या तोंडावर, छपरावर, श्यामरावाच्या धोतरावर. सावरून पुन्हा टेकवलं तर बॉनेटच्या उंच कण्यावर दोन क्षणांत रंग जळून खालचं करडं अस्तर दिसायला लागलं. मी त्या दिवशी ड्युटी सुटल्यावर गंमत पाहायला गेलो होतो, आणि हसलो.

"कावून दाबून राहिला बे?" श्यामराव म्हणाला. "भाकर थापून राहिला का? तिले तिच्या वजनानं चालू दे. तू फक्त वाट दाखव."

"हाताले सवय हाय," भाऊजी म्हणाले.

"सवय घरी ठेवून ये."

मग रोज एकेक धडा. वायर खांद्यावरून पाठीमागे टाकायची, म्हणजे ती रंगाला घासत नाही आणि टोपीत गुंडाळत नाही. कडेवर आणि कण्यावर मशीन न्यायचं नाही, तिथे रंग पातळ असतो. तिथे हातच चालवायचा. एका जागी थांबायचं नाही. रंग तापला की नाही ते पालथ्या हातानं पाहायचं, तळहाताला घट्टे असतात, ते खोटं सांगतात. टोपीत मसाला सुकून बसला की ती ब्रशनं पिंजायची. आणि शेवटचा हात ओलसर, मऊ टोपीनं, अगदी हलका. "नाही तं फडक्याचा जाला काढता काढता मशीनचा जाला घालून बसशीन," श्यामराव म्हणायचा. "अन् झालं का नाही झालं, हे फक्त उन्हाले इचारायचं. सेठले नाही, गिऱ्हाइकाले नाही. ऊन खोटं बोलत नाही."

त्या पंधरा दिवसांत भाऊजींनी ते बॉनेट सहा वेळा रंगवून घेतलं आणि पाच वेळा जाळलं. घरी जेवताना ताटावर हात फिरायचा तोही गोल, हलका. ताईनं विचारलं तर म्हणाले, "सवय घरी ठेवाले सांगतली हाय, तं ठेवून राहिलो." त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा एकमेव विनोद. सहाव्या वेळी बॉनेट उन्हात ठेवलं, श्यामरावानं वाकून चारी बाजूंनी पाहिलं, खर्रा थुंकला आणि नागपूरचं तिकीट काढायला गेला.

पुढची तीन वर्षं त्यांची. दुर्गहून, रसमड्याच्या कारखान्यांतून, राजनांदगावहून गाड्या यायच्या आणि मालक विचारायचे, लहानू आहे का. काळ्या गाडीला हात लावायला भलेभले घाबरतात, काळ्यात सगळं दिसतं. भाऊजी काळी गाडी मागून घ्यायचे. गॅरेजात शीळ घालायचे असं मला सेठनं सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. मी चोरून जाऊन ऐकलं. खरंच घालत होते.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात एका काळ्या ॲम्बेसेडरचं डावं दार काही केल्या साफ होईना. भाऊजी मशीन फिरवत, दार उन्हात धरून पाहत, जाळं तसंच. पुन्हा मसाला, पुन्हा मशीन. सकाळपासून हेच चाललेलं. दुपारी ताई डबा घेऊन गेली. तिनं पाहिलं, दार आरशासारखं स्वच्छ होतं, आणि तिचा नवरा त्यावर पुन्हा मशीन टेकवत होता.

"अजून काय काढून राहिले?" ती म्हणाली.

"जाला. दिसत नाही का तुले? सूर्याभोवती केवढा हाय."

"इथं तं काईच नाही."

ते थांबले. मग दारावरून मान वर करून त्यांनी छपराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे पाहिलं. तिथेही तेच गोल गोल चरे होते. पिंपावर होते, ताईच्या कपाळावरच्या कुंकवाभोवती होते. जाळं दारात नव्हतंच. आणि जे नव्हतं ते काढता काढता त्यांनी दाराच्या कडेला रंग पार अस्तरापर्यंत नेला होता.

सेठला त्यांनी सांगितलं, रंगच पातळ मारला होता. आयुष्यात पहिल्यांदा ते खोटं बोलले. रंगाऱ्यानं निमूट शिव्या खाल्ल्या आणि दार पुन्हा रंगवलं.

मी त्यांना दुर्गच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, पण अजून कच्चा. पिकू द्या. वर्ष लागेल, दीड वर्ष लागेल, पिकला की काढू. तेव्हा तसंच असायचं. बाहेर येऊन मी म्हणालो, सेठला सांगून टाका, माणूस बरा आहे. भाऊजींनी डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "बाबू, मशीन एकदा दुसऱ्याच्या हातात गेली का परत येत नाही. दीड वर्स तं हाय. तेवढं कोणाले समजू देऊ नोको." मी म्हणालो, भाऊजी, माझं तोंड शिवलेलं समजा.

त्या दिवसापासून सगळं एवढ्यावर येऊन ठेपलं. मोतीबिंदू पिकेपर्यंत सेठला कळता कामा नये. कळलं नाही तर ऑपरेशननंतर मशीन त्यांचंच, कळलं तर सगळं संपलं.

काम ते करू शकत होते, यात मला आजही शंका नाही. अर्ध्याहून जास्त काम हातातच होतं. रंग किती तापला ते पालथा हात सांगायचा. टोपी कोरडी पडली की आवाज बदलायचा, तो कान सांगायचा. फक्त शेवटचा सवाल उन्हाला विचारावा लागे, आणि उन्हाचं उत्तर वाचायला डोळे लागत. ते डोळे ताईनं दिले. दुपारी एकला डबा घेऊन जायची, तेव्हा टप आणि बॉनेट बघायची. चारला चहा घेऊन जायची, तेव्हा उतरत्या उन्हात दारं बघायची. गॅरेजातली माणसं चेष्टा करत, लहानूभाऊची बायको अजून नवी नवरीच आहे म्हणून.

उघड बोलता येईना, तेव्हा तिनं स्वयंपाकाची भाषा काढली. "आज डाव्या वाटीत मीठ कमी झालं," म्हणजे डाव्या बाजूला अजून जाळं आहे. "पोयी कडेले कच्ची राहिली," म्हणजे कड हातानं घास. "वरण करपत आलं होतं, उतरवून ठेवलं," म्हणजे रंग पातळ झाला, आता मशीन लावू नका. भाऊजी घास चावत 'हाओ' म्हणायचे आणि जेवण आटोपून बरोबर त्या जागी जाऊन उभे राहायचे. वर्षभर एक गाडी परत आली नाही. माझ्या त्या दोन खोल्यांतल्या बहिणीनं, जिला मी कधी पेपर वाचून दाखवायचाही कंटाळा करायचो, एक अख्खं गॅरेज असं चालवलं.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात माझ्या साहेबांनी त्यांची निळी फियाट मला विचारून टिकाराम सेठकडे टाकली. त्याच आठवड्यात सेठ लग्नाला राजनांदगावला गेला. शुक्रवारी भाऊजींनी गाडी पुरी केली, मी ती साहेबांना नेऊन दिली, साहेब खूष. शनिवारी सकाळी भाऊजींना पुन्हा दुर्गला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. गुरुवारीच ताई मला म्हणाली होती, "शनवारचं सेठले सांगून ठेवलं हाय, तू चिंता नोको करू." तिनं चरोद्याला कुणाचं तेरावं आहे असं सांगून सुटी घेतली होती. मी मात्र ऐकलं ते एवढंच, की सेठला सांगितलं आहे, आणि ते डोळ्यांचंच असं धरून चाललो. पुढे विचारायची तसदी मी घेतली नाही. मला सगळं आधीच समजलेलं असतं, हा माझा जुना रोग.

डॉक्टर म्हणाले, अजून सहा महिने. भाऊजींना टेम्पोत बसवून दिलं आणि मी दुर्ग स्टेशनवर चहाला थांबलो. तेवढ्यात राजनांदगावची गाडी लागली आणि तिच्यातून टिकाराम सेठ उतरला. मला पाहून हसत आला, स्वतःसाठी चहा सांगितला आणि म्हणाला, "क्यों बाबू, जाला साफ हुआ?"

"कहाँ सेठ," मी म्हणालो. "डॉक्टर बोला, अभी कच्चा है. छह महीना और रुको."

सेठ ओठाशी नेलेला कप तसाच धरून राहिला. "डॉक्टर?"

मला वाटलं, गाडीच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही. मी आवाज चढवला. दोन्ही डोळे, मोतीबिंदू, वर्ष झालं, सगळं सांगितलं. वर सेठ भला माणूस म्हणून त्याला खूष करायला भाऊजींच्या हाताची तारीफ केली, की बघा, न दिसता काम करतात. आणि मग, देवा, मी मिठाचा किस्सा सांगितला. डावी वाटी, करपलेलं वरण, कच्ची पोळी, सगळं रंगवून, ताईचा आवाज काढून. मी स्वतःच हसलो. चहावालाही हसला.

सेठ हसला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, "मैं तो साहब की गाड़ी का पूछ रहा था, बाबू."

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं? सेठ, पाया पडतो, सहा महिने थांबा, त्यांना काढू नका. एवढं साधं वाक्य होतं. मी म्हणालो, "सेठ, मेरा नाम मत लेना."

सेठनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेलो नाही. "नहीं लूँगा," तो म्हणाला.

रविवारचा सबंध दिवस माझ्या हातात होता. कॅम्प-दोनला सायकलनं वीस मिनिटं लागतात. मी गेलो नाही.

सोमवारी दुपारी ताई डबा घेऊन गॅरेजात गेली. बॉनेट पाहिलं, डबा उघडला आणि म्हणाली, "आज डाव्या वाटीत मीठ कमी झालं." सेठ मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "बहन, अब से नमक हम देख लेंगे." मग भिंतीपर्यंत चालत गेला आणि त्यानं मशीनची पिन काढून घेतली. सेठला मी दोष देत नाही. दुसऱ्याच्या गाडीवर आंधळा माणूस मशीन चालवतो हे गावात कळलं असतं तर त्याच्या दारात गाडी उभी राहिली नसती. त्यानं भाऊजींना गाड्या धुवायचं काम दिलं, डोळे आले की मशीन पुन्हा देऊन बघू म्हणाला. चार दिवस त्यांनी बादली उचलली, पाचव्या दिवशी घरीच बसले.

मी दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी संध्याकाळी गेलो तेव्हा ते खाटेवर बसून होते. ताई चुलीपाशी होती. "हिले सांगतलं होतं, हळू बोलत जाय," ते मला म्हणाले. "सेठ मागं उभा हाय एवढं पाह्यलं नाही हिनं." मग तिच्याकडे तोंड करून म्हणाले, "तुया तोंडानं माये हात तोडले." ताईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून भाकरी उलटली. मला वाटलं, मी तिची बाजू घ्यावी म्हणून पाहते आहे. मी म्हणालो, जाऊ द्या भाऊजी, व्हायचं ते झालं. हे शब्द मी त्या घरात बसून, त्या माणसासमोर, त्या बाईच्या देखत बोललो आहे.

पुढचं लांबवण्यात अर्थ नाही. सहा महिन्यांनी ऑपरेशन झालं. एक डोळा आला, दुसरा आला नाही. आलेल्या डोळ्याला बाटलीच्या बुडाएवढी जाड काच लागली, आणि त्या काचेतून कड जिथे दिसायची तिथे ती नसायची. सेठनं शब्द पाळून बोलावलं, एका जुन्या दारावर मशीन चालवून पाहायला दिलं. भाऊजींना वाटलं कड चार बोटं लांब आहे. टोपी दाराच्या खिडकीच्या रबरात अडकली आणि मशीन हातातून सुटलं. ते त्यांनीच उचलून जागेवर ठेवलं, पुसलं आणि घरी आले. तिथे आता रायपूरचा एक माणूस होता, चांगलं काम करायचा.

ताई सेक्टरमध्ये तीन घरी पोळ्या करायला लागली. भाऊजी खाटेवर. तिच्याशी बोलणं त्यांनी जवळजवळ बंदच केलं, हवं-नको एवढंच. त्या घरात वरणात मीठ कमी पडलं तरी कुणी तसं म्हणायचं नाही. तो शब्दच उठला. मी जेवायला असलो की अळणी वरण मीही निमूट गिळायचो.

माझ्याशी मात्र ते पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागले. मी दवाखान्यात नेलं, मी चष्मा आणला, रविवारी मी त्यांची दाढी करून द्यायचो. एकदा दाढी चालू असताना म्हणाले, "बाबू, बाहेर एक आक्षर तुया तोंडून गेलं नाही. अन् घरच्याच माणसानं घात केला." वस्तरा माझ्या हातात होता. मी तो पाण्यात बुडवला आणि दुसरा गाल घेतला.

या दिवाळीत मला राहवलं नाही. दुपार होती. भाऊजी बाहेर दारापाशी खाटेवर होते, ताई आत चहा करत होती. मी तिच्यापाशी पाटावर बसलो आणि म्हणालो, "ताई, सेठले मीच सांगतलं होतं."

ती चहात साखर टाकत होती, ती टाकून झाली. "मले मालूम हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. सांजच्याले सेठच्या पाया पडाले गेली होती. नाव घेत नव्हता तो. मी म्हटलं, कोणी सांगतलं ते सांग, नाही तं उठत नाही. मंग सांगतलं त्यानं."

म्हणजे त्या मंगळवारी तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. "मंग भाऊजीले कावून नाही सांगतलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण तिनं दाराकडे पाहून हात हलवला.

"हळू बोल. कान चांगले हाय त्यायचे." मग चहा गाळत म्हणाली, "मायावर राग धरला, तरी मी घरातच राह्यली. तुयावर धरला असता, तं तुयं येणं बंद झालं असतं. दवाखान्यात कोणं नेलं असतं त्यायले? अन् मले तरी दुसरं माहेर कुठी होतं?"

"मी आता सांगतो त्यायले. आत्ताच सांगतो."

"नोको." तिनं माझा दंड धरला. पोळ्या लाटून तिचा हात कडक झाला आहे. "नऊ वर्सं मायावर रागावून काढली त्यायनं. तो राग खोटा होता म्हणून सांगशीन, तं त्या नऊ वर्साचं त्यायनं काय करावं?"

तिनं कप भरला, पदरानं कड पुसली आणि माझ्यापुढे धरला.

"घे. तुया हातून दे. मायाकडून घेत नाही."

मी कप घेऊन बाहेर गेलो आणि म्हणालो, भाऊजी, चहा. त्यांनी माझा हात चाचपून कप घेतला. "ये बाबू, बस," ते म्हणाले, आणि खाटेवर सरकून त्यांनी मला जागा केली. मी बसलो.